गावी घर घ्या, पण गाडी दारात येईल असे घ्या

मे महिन्याची सुट्टी लागली की मुंबई-पुण्याची आपली माणसे गावाकडे निघतात. पूर्वी एस.टी.च्या टपावर वळकटी टाकून जात असत. आता पुष्कळ घरांत स्वतःची गाडी आहे. कुणाची प्रवासी जीप, कुणाचा छोटा हत्ती, कुठे चार भावांनी मिळून घेतलेला सतरा आसनी टेम्पो. ही गाडी मुंबईहून गावापर्यंत डौलात जाते आणि गावच्या वडापाशी नाहीतर शाळेच्या मैदानात येऊन थांबते. पुढे बौद्धवाडीत जायला पायवाट आहे, रस्ता नाही. मग बायकांनी बोचकी डोक्यावर घ्यायची, म्हाताऱ्यांनी काठी टेकीत उतरायचे, आणि गाडीच्या मालकाने रात्रभर आपले लक्ष गाडीकडे ठेवून झोपायचे. काच फोडली कुणी, डिझेल काढले कुणी, याची विचारपूस सकाळी.

हे असे का, हे आमच्या वाचकांना वेगळे सांगायला नको. गावाची रचनाच तशी. गावठाण मध्ये आणि महारवाडा शिवेच्या कडेला, बहुधा उताराच्या, ओढ्याच्या अंगाला. तिथपर्यंत बैलगाडी जावी असे कुणाला वाटण्याचे कारणच नव्हते. कामाला हाक मारली की माणूस पायी येई, तेवढी वाट पुरे होती. डिसेंबर २०२० मध्ये महाराष्ट्र शासनाने वस्त्यांची जातिवाचक नावे बदलून समतानगर, भीमनगर अशी नावे देण्याचा निर्णय घेतला. चांगले झाले. पाटी बदलली, परंतु पाटीपाशी जाणारी वाट पुष्कळ ठिकाणी होती तेवढीच अरुंद आहे.

गाडी म्हणजे मिजास, असे काही शहाणी माणसे म्हणतात. त्यांनी बाबासाहेबांनी सांगितलेल्या दोन आठवणी वाचाव्यात. १९०१ साली लहानगा भीमराव भावंडांबरोबर वडिलांना भेटायला मसूर स्टेशनावर उतरला. मुले कोणत्या जातीची हे कळताच एकही गाडीवान त्यांना नेईना. शेवटी दुप्पट भाड्यावर एक जण तयार झाला, तोही मुलांनी स्वतः गाडी हाकायची आणि आपण बाजूने चालायचे या अटीवर. पुढे १९२९ साली चाळीसगावला तेच. तोपर्यंत ते बॅरिस्टर झालेले, सरकारी समितीचे सभासद म्हणून दौऱ्यावर आलेले. तरी टांगेवाला त्यांचा टांगा हाकायला तयार नाही. टांगा हाकण्याचा सराव नसलेला आपलाच एक माणूस पुढे बसला, आणि वाटेतल्या पुलावर टांगा उलटून बाबासाहेब जबर जखमी झाले. ज्या समाजाच्या नेत्याला भाडे देऊनही गाडी मिळाली नाही, त्या समाजातल्या पोराने कर्ज काढून स्वतःची गाडी घेतली, तर त्या गाडीला दारात जागा असावी असे आम्हाला वाटते. त्यात मिजास कसली?

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. बाबासाहेबांनी खेडी सोडा म्हणून सांगितले, घटना समितीत ४ नोव्हेंबर १९४८ रोजी खेड्याविषयीचे आपले मत उघडपणे मांडले, आणि तुम्ही परत खेड्यात घर घ्यायला कसे सांगता, असा तो आक्षेप. आमचे उत्तर असे की १९४२ च्या जुलैत नागपूरच्या परिषदेत स्वतंत्र वसाहतींची मागणी झाली, तिच्या मुळाशी स्वतःची जमीन आणि कुणाच्या मेहरबानीवर नसलेले जगणे होते. १९६४ साली दादासाहेब गायकवाडांनी भूमिहीनांचा सत्याग्रह केला तोही जमिनीसाठीच. गावकीची कामे करायला परत जाणे वेगळे, आणि स्वतःच्या पैशाने, स्वतःच्या नावाच्या सातबाऱ्यावर, पक्क्या रस्त्यालगत घर बांधणे वेगळे. निवृत्त झाल्यावर चाळीतल्या दहा बाय बाराच्या खोलीत मुला-सुनांची अडचण करीत राहण्यापेक्षा हे बरे, असे म्हणणारी जोडपी आता आपल्यात पुष्कळ आहेत. अमेरिकेत तर घर घेणारे लोक निवासी मोटारीसाठी, म्हणजे चाकांवरच्या खोलीसाठी, जागा आहे का, तिला तिथेच वीज-पाणी जोडता येईल का, हे आधी पाहतात. आपल्याला चाकांवरची खोली नको. आपल्या पोटापाण्याच्या गाडीला जागा मिळाली तरी पुरे.

तर आता कामाचे बोलू. जागा बघायला गेल्यावर आपली माणसे आंब्याची झाडे बघतात, विहिरीचे पाणी पिऊन बघतात, वारा कसा येतो ते बघतात. रस्ता मात्र विकणाऱ्याच्या तोंडावर सोडतात. "रस्ता आहेच की, आमच्या आज्यापासून आम्ही ह्याच वाटेने जातो," असे तो म्हणतो आणि ते खोटेही नसते. प्रश्न एवढाच, की ती वाट कागदावर कोणती आहे. भूमी अभिलेख कार्यालयात गावचा नकाशा मिळतो. त्यात गाडीमार्ग तुटक दुहेरी रेषेने दाखवलेला असतो आणि त्याची रुंदी साडेसोळा ते एकवीस फूट धरतात. पायमार्ग तुटक एकेरी रेषेने दाखवतात, त्याची रुंदी सव्वाआठ फूट. जीप आरशांसकट साडेसहा फुटांची असते. म्हणजे पायमार्गावरूनही आज जीप कशीबशी जाईल. उद्या शेजाऱ्याने बांधावर निवडुंग लावला, दगड सरकवले, की गेली. आणि नकाशात काहीच रेषा नसेल, तर ती वाट म्हणजे केवळ शेजाऱ्याचा चांगुलपणा समजायचा. नकाशाबरोबर ग्रामपंचायतीत जाऊन रस्त्यांची नोंदवहीही पाहावी, नमुना २३ म्हणून मागावी. त्या वहीत तो रस्ता असला तर सार्वजनिक रस्ता म्हणून भांडायला तुमच्या हाती चांगला कागद आला.

आमच्या परिचयाच्या एका कुटुंबाने कोकणात भविष्यनिर्वाह निधीच्या पैशातून पाच गुंठ्यांची जागा आणि जुने कौलारू घर घेतले. खरेदी रीतसर झाली, सातबाऱ्यावर नाव लागले. वाट पुढच्या माणसाच्या वरकस जमिनीतून होती. तीन वर्षांनी त्याने ती जमीन शहरातल्या एका गृहस्थाला विकली, त्याने चिऱ्याचे कुंपण घातले आणि बैलगाडीपुरते असलेले खिंडार माणसापुरते केले. त्या घरचा मुलगा प्रवासी गाडी चालवतो. गाडी आता पाऊण किलोमीटरवर रस्त्याच्या कडेला उभी असते. आईला रात्री दम लागला तेव्हा तिला खुर्चीत बसवून तेवढे अंतर आणावे लागले. दावा चालू आहे. वहिवाटीचा हक्क म्हणून मागायचे तर वीस वर्षे उघडपणे, हक्काने आणि अडथळ्याशिवाय ती वाट वापरल्याचे सिद्ध करावे लागते. पायी गेल्याचे साक्षीदार मिळतात, मोटार गेल्याचे कुठून आणायचे?

याउलट दुसऱ्या एका घरातल्या ताईंचे उदाहरण आम्हाला फार आवडते. सौदा ठरला, पेढे वाटून झाले, विकणारा म्हणाला, "वहिनी, रस्त्याचं काय घेऊन बसलात? आपण शेजारी राहणार." ताई म्हणाल्या, "भाऊ, शेजारी राहायचंय म्हणूनच कागदात घाला. उद्या तुमच्या-आमच्या पोरांत वाद नको." यजमान जरा संकोचले होते, पण ताई हटल्या नाहीत. खरेदीखतात चतुःसीमेच्या खाली स्वतंत्र परिच्छेद घातला गेला. विकणाऱ्याच्या उरलेल्या जमिनीच्या पूर्व बाजूने बारा फूट रुंदीच्या रस्त्याने पायी, बैलगाडीने व सर्व प्रकारच्या मोटारवाहनांनी जाण्यायेण्याचा, तसेच त्या रस्त्यातून पाण्याची नळी व विजेची तार नेण्याचा कायमचा हक्क खरेदी घेणारास व त्यांचे वारसांस राहील, अशा अर्थाचा मजकूर. सोबत मोजणीचा नकाशा, त्यात रस्ता रंगवलेला. आमचे सांगणे एवढेच की वकिलाकडे जाताना हा मजकूर घेऊन जा. रस्ता तिसऱ्याच्या जमिनीतून येत असेल तर तो तिसरा माणूस संमती देणार म्हणून सहीला आला पाहिजे, विकणाऱ्याने त्याच्या वतीने दिलेला शब्द कामाचा नाही.

जमीन कोणत्या प्रकारची, हा यापुढचा भाग. इथे आपल्या समाजाची फसवणूक सर्वात जास्त होते. गावठाणातले घर घेताना पुष्कळ जण ग्रामपंचायतीचा नमुना ८ चा उतारा पाहून समाधान मानतात. तो घरपट्टीचा कागद आहे, मालकीचा नव्हे. २०२० पासून स्वामित्व योजनेखाली ड्रोनने गावठाणांची मोजणी होऊन मिळकत पत्रिका तयार होत आहेत. तुमच्या गावाची झाली असेल तर तीच मागा. गायरानावरचे घर पाचशेच्या स्टॅम्पपेपरवर नोटरी करून विकणारे दलाल आपल्यातही आहेत. सरकारी जमीन तो विकूच शकत नाही, तेव्हा तुम्ही विकत घेतलेल्या असतात फक्त विटा आणि पत्रे.

महार वतनाच्या जमिनींचे तर काय सांगावे! बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबई कौन्सिलात वतनाचे बिल आणले ते या गुलामीतून माणूस सोडवण्यासाठी. पुढे १९५८ च्या कायद्याने कनिष्ठ वतने गेली आणि जमिनी वतनदारांना नव्या शर्तीने परत मिळाल्या. सातबाऱ्यावर त्या भोगवटादार वर्ग २ म्हणून दिसतात, जुन्या नोंदीत वर्ग ६ ब असाही उल्लेख सापडतो. जिल्हाधिकाऱ्यांच्या पूर्वपरवानगीशिवाय आणि नजराणा भरल्याशिवाय त्या विकता येत नाहीत. शर्तभंग झाला की जमीन सरकारजमा होण्यापर्यंत पाळी येऊ शकते. म्हणून घेणाऱ्याने सावध राहावे आणि विकणाऱ्या आपल्या भावाने तर दहादा विचार करावा. आदिवासी खातेदाराची जमीन बिगरआदिवासीला घेता येत नाही, त्यालाही जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी आणि वर शासनाची मान्यता लागते. त्या वाटेला आपण जाऊच नये, ते धर्माच्या दृष्टीनेही बरे नव्हे.

शेतजमीन घ्यायची तर घेणारा शेतकरी असावा लागतो. पश्चिम महाराष्ट्रात आणि कोकणात १९४८ च्या कूळकायद्याचे कलम ६३ यासाठी दाखवतात. इथे एक गोष्ट पुष्कळांच्या लक्षात येत नाही. आजोबांच्या वतनातले दीड-दोन गुंठे, ज्यात काही पिकत नाही म्हणून मुंबईकर भावाने त्याकडे पाठ फिरवलेली असते, त्याच सातबाऱ्यावर वारस म्हणून नाव लागलेले असेल तर तो माणूस शेतकरी ठरतो. म्हणून आधी वारसनोंद करून घ्या. बहिणींचीही नावे लावा, हक्क त्यांचाही आहे आणि पुढे त्यांच्या सहीवाचून खरेदीखत लटकते. गुंठ्या-दोन गुंठ्यांचे तुकडे विकण्याला १९४७ च्या तुकडेबंदी कायद्याचा अडसर होता. २०२५ मध्ये त्यात सवलती देणारे बदल झाले. तुमचा तुकडा सवलतीत बसतो की नाही हे दलालाला न विचारता तहसीलमध्ये विचारावे. बिगरशेतीच्या बाबतीत, गावठाणाच्या हद्दीपासून २०० मीटरच्या आतल्या जमिनींना प्रक्रिया सोपी केलेली आहे, महसूल अधिनियमाचे कलम ४२-ड त्यासाठी आहे. शक्य तर अशीच जागा पाहावी. गावाच्या जवळ, पक्क्या रस्त्याला लागून, आणि जुन्या वाडीच्या अरुंद बोळाबाहेर.

आता जागा किती? एक गुंठा म्हणजे १,०८९ चौरस फूट, तेहतीस फूट लांब आणि तेहतीस फूट रुंद. रमाई आवास योजनेत घराचे किमान क्षेत्र २६९ चौरस फूट धरलेले आहे. त्यात माणसे मावतात, गाडीचा विचार तिथे नाही आणि असणारही नाही. आपण पाचशे-सहाशे फुटांचे घर धरले, शौचालय, मोरी, पाण्याची टाकी धरली, तर एका गुंठ्यात जीप उभी राहील पण वळणार नाही. छोटा हत्ती साडेबारा फूट लांब आणि पाच फूट रुंद, जीप सुमारे तेरा फूट. सतरा आसनी टेम्पो लांबीला वीस-बावीस फूट जातो, रुंदीला जवळजवळ सात, उंचीला साडेआठच्या आसपास. वर टपावर सामान बांधले की दहा फूट धरा. जीपला एका दमात वळायला चाळीस फुटांच्या आसपास मोकळा व्यास लागतो, टेम्पोला त्याहून जास्त. तेव्हा दोन गुंठे तरी घ्यावेत, टेम्पोवाल्याने तीन. गेट जीपला दहा फूट, टेम्पोला बारा. गेटवरून जाणारी विजेची तार किती उंच आहे हे वर मान करून पाहा. खाली बघून जागा घेणारे वर बघायला विसरतात.

अंगणात गाडी वळवायला जागा नसली म्हणजे ती दररोज मागे घेत रस्त्यावर काढावी लागते. मागे घेताना चाकाखाली सापडतात ती घरातलीच लहान मुले. म्हणून गाडीची जागा घराच्या दारासमोर नको, एका कडेला हवी, आणि मुलांची खेळायची जागा तिच्या मागे नको. शोषखड्ड्यावरून गाडीची वाट अजिबात नको, झाकणासकट चाक आत जाते.

जमीन कशी आहे यावर खर्च अवलंबून. मराठवाडा-विदर्भातल्या काळ्या मातीत पहिल्या पावसात गाडी रुतते. वरची माती काढून दगडाची सोलिंग, वर मुरूम, पाणी मारून रोलर, हे करावेच लागते. पूर्ण अंगण काँक्रीटचे करण्याची गरज नाही. चाकांच्या अंतरावर दीड-दोन फूट रुंदीच्या दोन पट्ट्या घातल्या तरी काम भागते आणि मधल्या जागेत पाणी मुरते. कोकणात जांभ्यामुळे रुतण्याची भीती कमी, पण चढाव असतो. पावसाचा मारा नैऋत्येकडून येतो, तेव्हा शेडची ती बाजू बंद ठेवावी. गाडी धुतलेले पाणी आपल्याच केळीला जाऊ द्या, शेजाऱ्याच्या ओट्याला नको. आणि जागा पाहायला जायचे ते श्रावणात जा. एप्रिलात सगळ्याच वाटा चांगल्या दिसतात.

भगिनींसाठी एक सूचना. शेडची उंची ठरवताना पुरुष मंडळी गाडी मोजतात. तुम्ही माणसे मोजा. दहा-अकरा फूट उंच, पंधरा बाय पंचवीसची पत्र्याची शेड असली की गाडी बाहेर काढून तिथे पन्नास-साठ माणसे बसतात. ज्या वाडीत विहार नाही, तिथे आषाढ पौर्णिमेपासून आश्विन पौर्णिमेपर्यंतच्या वर्षावासात 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथाचे वाचन पावसाच्या दिवसांत कुठे करायचे हा दरवर्षीचा प्रश्न असतो. त्याला हे उत्तर आहे. नामकरण, पुण्यानुमोदन, मुलीचे लग्न, सगळे त्याच छपराखाली होते. फक्त डिझेलचा डबा तिथे ठेवू देऊ नका.

अडवणूक झालीच तर काय? चालू रस्त्यात कुणी अडथळा केला तर १९०६ च्या मामलेदार न्यायालय अधिनियमाच्या कलम ५ खाली तहसीलदारांकडे दाद मागता येते, पण अडथळा झाल्यापासून सहा महिन्यांच्या आत. पुष्कळ जण समजुतीच्या बैठकांत हे सहा महिने घालवतात. बैठका जरूर घ्या, अर्जही त्याच आठवड्यात द्या. रस्ता सार्वजनिक असून जातीवरून अडवला जात असेल तर गोष्ट वेगळी. घटनेच्या कलम १५ मध्येच रस्त्यांचा उल्लेख आहे. अत्याचार प्रतिबंध कायद्यात २०१५ च्या दुरुस्तीने रस्ते आणि वाटा वापरण्यास अडथळा करणे, सायकल किंवा मोटारसायकल चालवण्यास, लग्नाच्या वरातीत घोड्यावर वा वाहनावर बसण्यास मज्जाव करणे हे गुन्हे म्हणून स्पष्ट शब्दांत लिहिले गेले. संसदेला हे लिहावे लागले यावरूनच गावगाड्याची ओळख पटते. तरीही प्रत्येक बांधाचे भांडण या कायद्याखाली नेऊ नये. खाजगी जमिनीतल्या वाटेचा वाद आधी कागदावर पाहावा.

वस्तीपर्यंतचा रस्ताच अरुंद असेल, तर एकट्याने गाडीची सोय करून भागत नाही. दलित वस्ती सुधार म्हणून जुन्या लोकांना माहीत असलेल्या योजनेतून वस्तीचे अंतर्गत आणि जोडरस्ते होतात. त्यासाठी ग्रामसभेचा ठराव हवा आणि ठरावाच्या दिवशी आपली माणसे सभेत हवीत. ग्रामसभा मुंबईकरांच्या सुट्टीत धरायला सांगा.

शेवटी नाव कुणाचे लावायचे. राहते घर स्त्रीच्या नावाने घेतले तर मुद्रांक शुल्कात एक टक्का सवलत १ एप्रिल २०२१ पासून मिळते. सवलतीसाठी नव्हे, तरीही घर घरच्या बाईच्या नावाने असावे असे आमचे मत आहे. गाडीवर कर्ज असते, कर्ज थकले तर गाडी ओढून नेतात, त्या वेळी घर तरी वेगळ्या नावावर सुरक्षित राहते. खरेदीखत नोंदले की इंडेक्स दोनची प्रत घ्या, तलाठ्याकडे फेरफाराची नोंद होते का ते पाहा, हरकतीची मुदत जाऊ द्या. फेरफार प्रमाणित होऊन नव्या नावाचा उतारा हातात येईपर्यंत गेट, रंग आणि दारावरची पाटी यांवर एक रुपयाही घालू नका.